धरणगावच्या आबांना

आबा, सप्रेम नमस्कार.

भर उन्हात "इथं इंग्रजांची छावणी कुठं होती हो?" असं विचारत फिरणाऱ्या माणसाला तुम्ही वेड्यात काढलं नाहीत, याबद्दल आधी आभार. तुमच्याआधी चौघांना विचारून झालं होतं. तिघांनी बालकवींचं नाव घेतलं (१८९० साली ते इथंच जन्मले, तेव्हा त्यांचंही बरोबर). चौथ्यानं पोलीस ठाण्याकडे बोट केलं. तुम्ही मात्र चहा अर्धा टाकून उठलात. "चाल, दखाडस तुले."

मी चाळीसगावचा. औट्रम घाटात ट्रकांच्या मागे तासन्‌तास अडकलोय, पण हा औट्रम कोण हे कधी विचारलं नव्हतं. मनात छावणी म्हणजे मालेगाव होतं : किल्ला, १८१८ चा वेढा, तोफा. तुम्ही दाखवलीत ती साधी जागा. माझा पडलेला चेहरा बघून हसलात आणि म्हणालात, भिंती काय बघतो, इथं कोणाला आणून उभं केलं ते बघ.

मग रस्त्याच्या कडेला सगळं उलगडलंत. मंदसोरच्या तहानं होळकरांचा खानदेश कंपनीकडे आला, पण डोंगर आले नाहीत. भिल्ल नाईकांचे जुने हक्क बुडालेले, पोटाला काही नाही, आणि कंपनीचे शिपाई सातपुड्यात शिरले की तापानं आडवे. म्हणून १८२५ मध्ये २२ वर्षांच्या लेफ्टनंट जेम्स औट्रमनं भिल्लांचीच पलटण उभी केली, ठाणं धरणगाव. ज्यांच्याशी लढायचं त्यांनाच पगार आणि बंदूक द्यायची! काम बरंचसं पोलिसाचं. म्हणजे तो चौथा माणूस फार चुकला नव्हता.

औट्रमच्या वाघाच्या शिकारी मी कौतुकानं काढल्या, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "वाघनी वाट कोन दखाडे?" मी गप्प. तुमच्या घरातलाच एक जण त्या पलटणीत होता, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत. आणि त्याच दमात खाज्या नाईकाचं. सेंधव्याचा घाट सरकारसाठी राखणारा हा माणूस १८५७ मध्ये सरकारवरच उलटला. दोघांपैकी कोण बरोबर, हे मी विचारणार होतो. तुमच्या चेहऱ्याकडे बघून राहू दिलं.

औट्रम पुढं जनरल झाला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. पलटणीतल्या तुमच्या माणसाचं नाव मी वहीत लिहून घेतलंय, तुम्ही सांगितलंत तसंच, अहिराणीत.

तुमची छत्री माझ्याकडेच राहिली. पुढच्या सोमवारी आणून देतो. माईंना सांगा, कळण्याची भाकरी हवीच, ठेचा मात्र जरा बेतानं.

तुमचा,
चाळीसगावचा पाहुणा