ॲपच्या दुरुस्तीला जुनीच अवजारे लागतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत मोबाईल ॲप तयार करण्याविषयी जे लेख येतात, ते मी आवर्जून वाचतो आणि माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांनाही वाचायला देतो. ‘साधनांची सर्वांत ताजी आवृत्तीच बसवा’ हा सल्ला त्या लेखांत वारंवार असतो आणि नवे ॲप सुरू करणाऱ्यासाठी तो योग्यच आहे. परंतु तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या वाट्याला नवे ॲप क्वचितच येते. पतसंस्था, दूध संस्था, शाळा यांनी पाच-सात वर्षांपूर्वी कोणाकडून तरी लिहून घेतलेले ॲप दुरुस्त करणे हेच आमचे रोजचे काम असते, आणि तेथे हा सल्ला शब्दशः पाळला तर अर्ध्या तासाच्या दुरुस्तीला आठवडा लागतो.

मागच्या पावसाळ्यात एका गावच्या दूध संस्थेने २०१९ साली बनवून घेतलेले संकलनाचे ॲप माझ्याकडे आणले. फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून इतर घन पदार्थ) यांवरून दर काढण्याचा तक्ता बदलला होता, तेवढीच दुरुस्ती हवी होती. सोर्स कोड, म्हणजे ॲपचा मूळ लिहिलेला मजकूर, होता. पण तो कोणत्या आवृत्त्यांवर बांधला आहे, याची एक ओळही मूळ लिहिणाऱ्याने ठेवलेली नव्हती. मी तो अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवण्याच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत उघडला, प्रकल्प अद्ययावत करण्याची त्याची सूचना स्वीकारली आणि एक चूक सुधारली की दुसरी, अशा चक्रात तीन दिवस घालवले. तोपर्यंत संस्थेचे सचिव रोज सकाळ-संध्याकाळ शे-दीडशे उत्पादकांचे दर हाताने मांडत होते, याचे मला आजही वाईट वाटते. चौथ्या दिवशी मी मूळ प्रत पुन्हा घेतली, तिच्यातील फायली वाचून २०१९ च्या आवृत्त्या शोधल्या, त्या कमांड लाइनवरून (आज्ञा टाइप करून) बसवल्या आणि त्याच संध्याकाळी दुरुस्त ॲप संस्थेच्या फोनवर चालू झाले.

हे जमते, कारण गूगलने अँड्रॉइडची साधने सुट्या पॅकेजांत ठेवली आहेत आणि त्यांच्या अनेक जुन्या आवृत्त्या अधिकृत भांडारात अजूनही मिळतात. त्यासाठी पूर्ण अँड्रॉइड स्टुडिओ लागत नाही. ‘कमांडलाइन टूल्स’ ही तुलनेने लहान झिप फाइल पुरते आणि तिच्यातील ‘एसडीके मॅनेजर’ (एसडीके म्हणजे ॲप बांधण्याच्या साधनांचा संच) ही आज्ञा बाकीचे सर्व आणते. तिला ‘लिस्ट’ हा पर्याय दिला की उपलब्ध पॅकेजांची यादी येते, आणि त्यासोबत ‘इन्क्लूड ऑब्सोलीट’ दिला की कालबाह्य ठरवलेली पॅकेजेही दिसतात. मुले येथे दोन ठिकाणी हमखास अडतात. पॅकेजच्या नावात अर्धविराम असतो, जसे ‘बिल्ड-टूल्स;२८.०.३’, आणि लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलला (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीला) अर्धविराम म्हणजे आज्ञा संपली असे वाटते. म्हणून पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहावे लागते. दुसरे म्हणजे, झिपमधून निघालेला मजकूर एसडीकेच्या ‘सीएमडीलाइन-टूल्स’ या फोल्डरात ‘लेटेस्ट’ नावाचे फोल्डर करून त्यात ठेवावा लागतो, नाहीतर एसडीकेचे मूळ ठिकाण कोणते हेच त्या आज्ञेला उमगत नाही.

खरी गुंतागुंत जावाची, म्हणजे ही साधने ज्यावर चालतात त्या प्रणालीची, आहे. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून एक्सएमएल वाचण्याचा एक जुना भाग काढून टाकला गेला आणि त्यावर विसंबलेला जुना एसडीके मॅनेजर त्या जावावर सुरूच होईना. आजचा एसडीके मॅनेजर उलट जावा १७ मागतो. मात्र त्या दूध संस्थेचा प्रकल्प ग्रेडल या ॲप बांधणाऱ्या साधनाच्या ५ व्या आवृत्तीवर होता आणि ग्रेडल ५ जावा १७ वर चालत नाही. त्याला जावा ८ सारखा जुना जावा हवा. म्हणजे साधने आणायला एक जावा आणि ॲप बांधायला दुसरा. हे दोन्ही एकाच संगणकावर सुखाने राहतात. प्रत्येक टर्मिनल उघडताना ‘जावा होम’ हा मार्ग त्या कामापुरता ठरवला की झाले. ‘क्लास फाइल व्हर्जन ६१’ अशी तक्रार पडद्यावर आली तर ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८, एवढे लक्षात असले तरी अर्धे निदान होते. ग्रेडल वेगळे बसवण्याची तर गरजच नसते, कारण प्रकल्पातील ग्रेडल रॅपर हा छोटा प्रोग्राम त्याच्या फायलीत लिहिलेली नेमकी आवृत्ती स्वतःच उतरवून घेतो.

चूक दाखवणारा संदेश किती दिशाभूल करतो, याचे एक उदाहरण येथे देणे मला आवश्यक वाटते. बिल्ड टूल्स या ॲप बांधणाऱ्या पॅकेजच्या ३१ व्या आवृत्तीतून ‘डीएक्स’ हे कोड फोनला समजेल अशा रूपात बदलणारे जुने साधन काढून टाकले गेले. ज्या प्रकल्पातील अँड्रॉइडचे ग्रेडल प्लगइन (ग्रेडलला अँड्रॉइड ॲप बांधता यावे म्हणून दिलेली जोड) ७ च्या आधीचे आहे, तो हे साधन शोधतो आणि ते न मिळाल्यामुळे बिल्ड टूल्स ‘करप्ट’ झाली आहेत असे सांगतो. मग विद्यार्थी तेच पॅकेज काढून पुन्हा पुन्हा बसवतात, किंवा त्याच्या जागी आलेल्या ‘डी८’ या फायलीचे नाव बदलून ‘डीएक्स’ करतात आणि मूळ कारण झाकले जाते. वास्तविक तेथे काहीच बिघडलेले नसते. एका आज्ञेने ३०.०.३ ही आवृत्ती आणावी आणि प्रकल्पाच्या फायलीत तिचा उल्लेख करावा, एवढाच सरळ उपाय आहे.

जुने सर्वच परत मिळते असे मात्र नाही. जेसेंटर हे लायब्ररींचे (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे) मोठे भांडार बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली आणि केवळ तेथेच ठेवलेल्या लायब्ररींवर उभे असलेले प्रकल्प आज अडचणीत आहेत. आयफोनच्या बाबतीत ॲपल एक्सकोड या ॲप बनवण्याच्या साधनाच्या जुन्या आवृत्त्या आपल्या संकेतस्थळावर ठेवते, परंतु एक्सकोडची प्रत्येक आवृत्ती मॅकओएसच्या ठरावीक आवृत्त्यांवरच चालते. कोकोपॉड्स (आयफोन ॲपसाठी लायब्ररी आणणारे साधन) आणि फ्लटर (एकाच कोडवरून अँड्रॉइड व आयफोन ॲप बनवणारे साधन) यांच्या जुन्या आवृत्त्या टर्मिनलवरून आणणे त्या मानाने सोपे आहे.

अधिकृत वाट ठाऊक नसली की मुले कोणत्याही संकेतस्थळावरून किंवा मित्राच्या पेनड्राइव्हवरून जुनी साधने उचलतात, ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आलेले एक्सकोडघोस्ट प्रकरण याच सवयीतून घडले. चीनमधील अनेक विकसकांनी अधिकृत डाउनलोड फार हळू चालते म्हणून एक्सकोडच्या दुसरीकडून मिळालेल्या प्रती वापरल्या. त्या प्रतींत कोणीतरी फेरफार केलेला होता, आणि त्यांवर बांधलेली ॲप्स, त्यांत वीचॅट या संदेश ॲपची एक आवृत्तीही होती, ॲपलच्या ॲप स्टोअरपर्यंत पोहोचली. विकसकाच्या स्वतःच्या कोडमध्ये काहीही वावगे नसताना हे घडले. म्हणून जुनी आवृत्ती बसवण्यास माझी हरकत नाही, पण ती मूळ भांडारातूनच यावी.

जुनी साधने कायम वापरावीत, असेही मी म्हणत नाही. प्ले स्टोअरवरील नव्या ॲप्सना आणि सुधारणांना ३१ ऑगस्ट २०२५ पासून किमान अँड्रॉइड १५ ही आवृत्ती लक्ष्य (टार्गेट) धरणे बंधनकारक झाले. तेथे २०१९ ची साधने उपयोगाची नाहीत. दूध संस्थेचे ॲप प्ले स्टोअरवर नव्हते, एपीके, म्हणजे ॲप बसवण्याची फाइल, थेट फोनवर दिली जात होती, म्हणून माझे भागले. मात्र ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांनीही आधी जुने ॲप जुन्या साधनांवर जसेच्या तसे बांधून पाहावे आणि मग एकेक पायरी चढावी. तसे केले तर कोणत्या बदलाने काय मोडले ते कळते. जुन्या फोनवर चालावे म्हणून जुनी साधने लागतात, हाही एक गैरसमज आहे. ते काम प्रकल्पातील ‘मिन एसडीके’ (ॲप किमान कोणत्या अँड्रॉइडवर चालेल ते सांगणारी) ही एक ओळ करते.

तंत्रनिकेतनांतील शिक्षकांना माझी विनंती आहे की, मोबाईल ॲपच्या प्रात्यक्षिकांत एक तरी तास जुना प्रकल्प त्याच्या मूळ आवृत्त्यांवर टर्मिनलवरून बांधून दाखवण्यासाठी ठेवावा. ॲप लिहून घेणाऱ्या संस्थांनीही शेवटचे बिल चुकते करण्याआधी सोर्स कोड, ॲपवर डिजिटल सही करण्याची कीस्टोर फाइल व तिचा पासवर्ड आणि जावा, ग्रेडल, प्लगइन, प्लॅटफॉर्म व बिल्ड टूल्स या पाचही आवृत्त्यांची नोंद असलेला कागद मागून घ्यावा. कीस्टोर हरवली तर दुरुस्त ॲप जुन्यावर बसतच नाही. ते काढून नवे टाकावे लागते आणि फोनमध्येच साठवलेल्या नोंदी पुसल्या जातात. आपल्या पुरवणीने या विषयावर एक लेख द्यावा, ही विनंती. दूध संस्थेच्या कामात वापरलेल्या सर्व आज्ञा मी क्रमाने लिहून ठेवल्या आहेत आणि त्यासाठी त्या मी आपल्याकडे आनंदाने पाठवीन.

आपला,
एक ॲप विकसक, गडहिंग्लज