सकाळचं फिरणं आणि हवेवरचं झाकण

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "फिजिक्स एवढं शिकलीस, आणि आता नुसता धूर मोजतेस?" मी घाईत होते, काहीतरी बोलून फोन ठेवला. ते मनातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

धूर किती आहे ते यंत्र सांगतं, बाबा. तो वर का जात नाही, हे शोधायला फिजिक्स लागतं. २०२१ चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल मानाबे आणि हासेलमान या दोन हवामानशास्त्रज्ञांना मिळालं, ते पृथ्वीच्या हवामानाचं गणित मांडल्याबद्दलच.

एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी. खालची हवा तापली की हलकी होते, वर चढते आणि धूळ-धूर सोबत नेते. पण थंडीतल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, म्हणजे जड होते, आणि जागची हलत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खाली कोंडतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवरचं असं झाकण पाच दिवस हललं नाही. थंडी म्हणून घरोघरी कोळसा जळत होता आणि धुराला वाट नव्हती. त्या वेळच्या हिशोबानेच सुमारे ४००० माणसं गेली; नंतरच्या अभ्यासांत तो आकडा बराच वाढला.

हे झाकण मी रोज बघते. पहाटे गच्चीवर आमचं लायडार, म्हणजे लेझरने हवेतले कण मोजणारं यंत्र, चालू असतं. लेझरची हिरवी रेघ सरळ वर जाते आणि हवेतल्या कणांवर आपटून थोडा उजेड परत येतो. किलोमीटरभर उंचीपर्यंत जाऊन परत यायला त्याला ७ मायक्रोसेकंदही (सेकंदाचे दशलक्षांश भाग) लागत नाहीत. किती वेळाने आला त्यावरून उंची कळते, किती आला त्यावरून कणांचा अंदाज येतो. पडद्यावर जमिनीलगत जाड लाल पट्टा दिसतो, म्हणजे कणांची गर्दी, आणि त्याच्यावर एकदम निळं, म्हणजे मोकळी हवा. सूर्य उगवला तरी पट्टा बराच वेळ तसाच. मग जमीन तापते, पट्ट्याची वरची कड पिंजलेल्या कापसासारखी फुटायला लागते, तो वर सरकतो, पातळ होतो. कितीदा पाहिलं असेल, तरी कड फुटू लागली की मी खुर्चीतून उठून पडद्याजवळ जाते.

आई, तू विचारलं होतंस, घरातली धूळ खाली बसते, मग हे कण का बसत नाहीत? फार नेमका प्रश्न होता तुझा. कण दहापट बारीक झाला की त्याच्या पडण्याचा वेग जवळजवळ शंभरपट कमी होतो. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दिवसरात्रीत सुमारे अडीचशे मीटर खाली येतो, आणि १ मायक्रॉनचा जेमतेम तीन मीटर. तेवढ्यात वाऱ्याची एखादी झुळूक त्याला पुन्हा उचलते. फुफ्फुसात खोलवर जातात ते हेच बारीक कण.

म्हणून बाबा, एक ऐका. तुम्हाला दमा आहे आणि तुम्ही अजून उजाडायच्या आत फिरायला निघता. पहाटेची हवा स्वच्छ, असं तुम्हीच मला लहानपणी सांगायचात. ती गार असते, पण थंडीत बहुतेक वेळा तीच दिवसातली सर्वात कोंडलेली हवा असते. ऊन चांगलं वर आल्यावर, सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी निघा. रात्री जोराचा वारा किंवा पाऊस झाला असेल तर पहाटे खुशाल जा.

फोनवर नुसतं हो म्हणाल आणि उद्या पुन्हा अंधारातच बूट घालाल, हे मला माहीत आहे. आई, थंडी संपेपर्यंत दाराची किल्ली तू तुझ्याकडे ठेव.

तुमची लेक