परतीचं तिकीट धरून हिशेब कर

नागपूर,
25 नोव्हेंबर 2025

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तू फोनवर विचारलंस, "आई, तू माझ्या जागी असतीस तर शिकायला कुठला देश निवडला असतास?" मी म्हटलं, "तुला पटेल तो निवड." फोन ठेवला आणि रात्रभर झोप लागली नाही. उत्तर माझ्याजवळ होतं, पण तुझ्या बोलण्यात सारखी अमेरिका येत होती आणि तुझा हिरमोड करायला जीभ रेटली नाही. बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची 9 शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. लोकांच्या मुलांना समोर बसवून जे सांगत आले, ते पोटच्या पोरीला सांगायला मी कचरले. म्हणून हे पत्र.

त्या टेबलावरचे एक गृहस्थ मला अजून आठवतात. काटोलकडचे निवृत्त शिक्षक. राहतं घर तारण ठेवून मुलाला इंग्लंडला एका वर्षाच्या मास्टर्सला पाठवलं. कर्ज 35 लाखांचं. मुलगा हुशार होता, चांगल्या गुणांनी पास झाला. नोकरी शोधता शोधता व्हिसाची मुदत संपली आणि तो परत आला. पुण्यात 35 हजारांवर लागला. हप्ता होता 37 हजार 600. वरचे पैसे सरांच्या पेन्शनमधून जायचे. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आमचं चुकलं कुठं?" मुलगा वाया गेलेला नव्हता आणि कॉलेज खोटं नव्हतं. मुलगा परत आला तर काय, हे आकडे मात्र कर्ज घेताना कुणीच मांडले नव्हते. ना त्यांनी, ना मुलानं, आणि खरं सांगते, ना मी.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगायचे. पदवी मिळाली आणि पोरगं दुसऱ्याच दिवशी परतीच्या विमानात बसलं, असं धरा. मग इथल्या पगारात हप्ता बसतो का ते पाहा. बसत असेल तर तो देश तुमच्या ऐपतीतला. तिथली नोकरी लागली तर देवाची कृपा, पण ती आजच्या हिशेबात धरायची नाही.

आता तुझे आकडे. तुझ्या यादीतल्या अमेरिकन विद्यापीठानं शिकणं-राहणं मिळून वर्षाला 45 हजार डॉलर सांगितलेत. दोन वर्षांचे 90 हजार, म्हणजे आजच्या भावानं 80 लाख. आपल्याजवळ, तुझी बचत धरून, 9 लाख आहेत. उरलेल्या 71 लाखांवर 10 टक्के व्याज आणि 15 वर्षांची मुदत धरली तर हप्ता 76 हजारांच्या पुढे जातो. शिकत असताना चढणारं व्याज वेगळंच. तुझा आजचा पगार 42 हजार. शिवाय रुपयाचं काय? 2014 साली साठ-बासष्ट रुपयांना मिळणारा डॉलर आज नव्वदच्या घरात आलाय. पहिल्या सत्राची फी आणि शेवटच्या सत्राची फी डॉलरमध्ये तेवढीच असली तरी रुपयात तेवढीच राहत नाही.

आणि तिथं पुढे काय? तुझ्यासारख्या इंजिनिअरला पदवीनंतर एक वर्ष आणि वर दोन वर्षं काम करता येतं, हे चांगलंच आहे. त्यानंतर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. वर्षाला 85 हजार जागा आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. परदेशातून नव्यानं बोलावल्या जाणाऱ्या माणसासाठी कंपनीनं 1 लाख डॉलर भरायचे, असा हुकूम गेल्या सप्टेंबरात निघाला. म्हणजे शिकून एकदा परत आलीस तर तो दरवाजा पुन्हा उघडायला किती जड जाईल, त्याचा विचार कर.

इंग्लंडनंही तेच शिकवलं. शिक्षणानंतर थांबून काम करायची जी सवलत होती ती त्यांनी 2012 मध्ये बंद केली, 2021 मध्ये दोन वर्षांची म्हणून परत आणली, आणि आता 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना ती दीड वर्षाचीच मिळणार आहे. तू 2026 च्या सप्टेंबरात गेलीस तर नेमकी त्या कात्रीत सापडशील. कॅनडानं 2024 च्या सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि खर्चासाठी दाखवायची रक्कम 10 हजारांवरून 20,635 कॅनेडियन डॉलर केली. ऑस्ट्रेलियाची नुसती व्हिसा फी आता 2 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. या सरकारांवर माझा राग नाही, त्यांचा देश, त्यांचा कायदा. पण तू शिकत असताना मधेच नियम बदलू शकतो, हे मनाशी धरूनच घरातून पाऊल टाकायचं.

मी तुझ्या जागी असते तर जर्मनीतलं स्टुटगार्ट निवडलं असतं. आता सांगितलं एकदाचं.

आधी विषयाचं बोलते, कारण तुला काय शिकायचंय हे मला देशापेक्षा मोठं वाटतं. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला तू भांडेवाडीचा सांडपाणी प्रकल्प पाहून आलीस. शहराचं घाण पाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे तू जेवायचं सोडून बाबांना समजावत होतीस, आणि कोराडीत जन्म घालवलेले तुझे बाबा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकत होते. स्टुटगार्टच्या अभ्यासक्रमात हवा, घनकचरा आणि सांडपाणी तिन्ही आहेत आणि तो इंग्रजीतून आहे. म्हणजे ज्या कामानं तुला त्या दिवशी जेवण विसरायला लावलं, तेच. उद्या परत आलीस तरी इथं नाग नदी आहे, वर्धा रोडवर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, हे शिक्षण वाया जायचं नाही.

पैशाचं म्हणशील तर जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथं मात्र आपल्यासारख्यांना सत्राला 1,500 युरो पडतात, हे तुझ्या यादीत तू धरलेलं नाहीस. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवायचे आणि मग दरमहा 992 काढायचे. दोन वर्षांचं राहणं आणि चार सत्रांची फी मिळून 30 हजार युरोच्या आत बसतं. युरोनं शंभरी ओलांडलीय, तेव्हा 31 लाख धर. आपले 9 गेले की कर्ज 22 लाखांचं, हप्ता 23 हजार 600. तुझ्या आजच्या पगारातही तो ओढाताणीनं का होईना निघतो. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं. तेही मी हिशेबात धरलेलं नाही.

अवघड काय आहे तेही सांगते. वर्ग इंग्रजीत असला तरी नळाच्या, गटाराच्या, पालिकेच्या कामाची भाषा जर्मनच असणार. जर्मनच्या बी-वन पातळीपर्यंत तरी शिकल्याशिवाय जाऊ नकोस. पुण्यात माक्स म्युलर भवन आहे, संध्याकाळचा वर्ग शोध. शिवाय 2022 च्या नोव्हेंबरपासून आपल्या मुलांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथल्या पदव्या-गुणपत्रिका तपासून दिलेला दाखला लागतो, त्याला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज आधी.

आणि कन्सल्टंटचं एक. धरमपेठेतल्या ज्या ऑफिसात आपण उन्हाळ्यात गेलो होतो, तिथं सल्ला फुकट होता. असा सल्ला देणाऱ्यांचं पोट बहुतेक वेळा प्रवेश देणाऱ्या कॉलेजच्या कमिशनवर चालतं. जर्मनीची सरकारी विद्यापीठं असं कमिशन देत नाहीत, म्हणून आपण जर्मनीचं नाव काढल्यावर त्यांनी लाखोंची फी असलेलं तिथलं एक खासगी कॉलेज पुढे केलं. ते माहितीपत्रक मी रद्दीत टाकलंय.

एक भीती तुझ्या आवाजात मला ऐकू आली, परत यावं लागलं तर लोक काय म्हणतील याची. तू लहानपणापासून दीक्षाभूमीवरून शाळेत गेलीस. ज्यांच्यासाठी दरवर्षी तिथं एवढा जनसागर लोटतो, ते बाबासाहेब 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत आले होते, कारण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि शिक्षण पुरं केलं. त्यांच्या हालांशी आपली बरोबरी नाही, ते कुठं आणि आपण कुठं. पण परत येण्याला तू हार म्हणू नकोस. माझ्या घरात तरी कुणी म्हणणार नाही.

घर तारण ठेवायला मी तयार आहे, बाबाही आहेत. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, त्यात नवल काही नाही. पण त्या सरांसारखी रात्र आमच्यावर येऊ नये म्हणून तू तिथं मन मारून, मिळेल ते काम करत पडून राहावंस, हे मला सोसवणार नाही. लहान कर्ज हवंय ते एवढ्यासाठी.

बाबा सोमवारी विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचं विचारून येतील. तुझ्या मूळ गुणपत्रिका माझ्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहेत, सहाव्या सत्राची तेवढी सापडली नाही, ती तुझ्याजवळ आहे का बघ. मी स्टुटगार्टचं म्हटल्यावर बाबा काही बोलले नाहीत. रात्री मात्र विचारत होते, "पोट्टी संध्याकाळी सहाला घरी आली तर आपल्याकडे किती वाजतील?" हिवाळ्यात साडेदहा, मी सांगितलं. म्हणाले, "तेवढं तर मी जागाच असतो."

रविवारी फोन कर. मी इतकं लिहिल्यावरही अमेरिकाच म्हणालीस तर सरळ सांग. मग संक्रांतीला आलीस की त्या 71 लाखांचा कागद घेऊन दोघी बसू.

तुझी,
आई