तंदुरीच्या पाककृतीतून ‘चिमूटभर केशरी रंग’ काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीनिमित्त घरच्या शेगडीवर भाजायच्या मटण-चिकनचं पान आलं होतं. पान आवडलं. पण त्यातल्या तंदुरी चिकनच्या आणि सीख कबाबच्या साहित्यात शेवटी ‘खाण्याचा केशरी किंवा लाल रंग, चिमूटभर’ असं छापलं आहे. मी कोल्हापुरात मसाला कांडप चालवते. मिरचीचा लाल रंग कशात असतो, तो कशानं खुलतो आणि कशानं जातो हे पाहण्यातच माझा दिवस जातो. म्हणून मनापासून विनंती करते, की ही ओळ आपल्या पाककृतींतून कायमची काढून टाका.

मार्चपासून मे संपेपर्यंत माझ्याकडे वर्षाच्या चटणीची रांग असते. बायका गच्चीवर मिरची वाळवून, देठ खुडून, धणे-खोबरं भाजून आणतात. अलीकडे डिसेंबरातही गिऱ्हाईक येतं, बहुतेक कॉलेजातली आणि नोकरीला नुकती लागलेली पोरं. ‘मावशी, तंदुरीचा मसाला कांडून द्या, पण हॉटेलसारखा लाल झाला पाहिजे.’ सोबत मोबाइलवर वर्तमानपत्रातला नाहीतर कुठल्या तरी हॉटेलातला फोटो. फोटोतली कोंबडी झेंडूसारखी केशरी. कुठल्याही मिरचीनं मांसाला तो रंग येत नाही, हे त्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. ऐकणारे ऐकतात. बाकीचे रंगाची डबी घेतात. तीही पुरवणीत वाचलेलीच असते, मग मी कोण सांगणारी?

जून 2024 मध्ये शेजारच्या कर्नाटक सरकारनं चिकन, मासे आणि भाज्यांच्या कबाबांत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. तिथं कबाबांचे 39 नमुने तपासले, त्यातल्या 8 मध्ये सनसेट यलो आणि कार्मोइसिनसारखे रंग निघाले. यातले काही रंग मिठाईत किंवा सरबतात ठरलेल्या मर्यादेत चालतात, म्हणून लोकांना वाटतं की ‘खाण्याचा रंग’ लिहिलं की कुठंही घालावा. तसं नाही. कुठला रंग कुठल्या पदार्थात आणि किती, हे कायद्यानं बांधलेलं आहे. आणि घरातल्या चिमटीला माप नसतं.

मला त्याहून मोठी भीती वेगळीच वाटते. रंग लावलेल्या मांसात कच्चं काय आणि शिजलं काय ते डोळ्यांना कळत नाही. कोंबडीची मांडी हाडाजवळ कच्ची राहिली तर तिथलं मांस गुलाबी आणि रस लालसर दिसतो. सगळंच केशरी असलं की ही खूण झाकली जाते. पहिल्यांदाच शेगडी पेटवणारी पोरं बाहेरून काळे डाग पडले की झालं म्हणून ताटात घेतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. नसेल तर रंग न घातलेलं मांस सुरीनं चिरून पाहणं हाच आधार.

आता रंग हवाच असेल तर तो कुठून आणायचा, हे सांगते. ब्याडगी मिरची घ्या. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून तिचं नाव पडलं, 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला बेताची. आमच्या भागात तिच्या जोडीला संकेश्वरी असते, तिला चव आणि झणका जास्त. तंदुरीसाठी मी किलोभर चिकनला दहा-बारा ब्याडगी आणि दोनच संकेश्वरी सांगते. लवंगी नको, तिनं नुसतं तिखट होतं.

पोरं चुकतात ती पुढच्या पायरीला. मिरचीपूड दह्यात कालवतात आणि फिकी पडली म्हणून हिरमुसतात. मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. दह्यात तो निम्मा झोपलेलाच राहतो. म्हणून देठ आणि बिया काढलेली मिरची अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, थोड्या व्हिनेगरवर किंवा लिंबाच्या रसावर गंधासारखी बारीक वाटा आणि दोन-तीन चमचे तेलात मंद आचेवर परता. तेल सुटून वर लाल तवंग आला की उतरवा. हे वाटण पूर्ण गार झाल्यावर दह्यात घाला. एवढ्या एका पायरीनं जो रंग येतो तो पाहिला की डबीची आठवण होत नाही.

याच गुणावरून विकतची मिरचीपूडही तपासता येते. ग्लासभर स्थिर पाण्यावर चिमूटभर पूड टाका, ढवळू नका. लाल रेषा सुटून खाली उतरू लागल्या तर तिच्यात पाण्यात विरघळणारा रंग मिसळला आहे. नुसत्या मिरचीचं पाणी असं रंगत नाही. तेलात विरघळणारे बंदी घातलेले रंगही भेसळीला वापरतात, ते या परीक्षेत सापडत नाहीत. म्हणून अख्खी मिरची घेऊन कांडणं बरं. हे मी धंद्यासाठी सांगत नाही, घरच्या मिक्सरवर केली तरी चालेल. झाली की काळोख्या जागी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओट्यावरच्या काचेच्या बरणीत, उजेडात, मिरचीपूड काही महिन्यांत विटते. मग फिकी पडली म्हणून रंग घालावासा वाटतो, सगळी सुरुवात तिथूनच होते.

मुरवण्याबद्दल आपल्या पानावर ‘रात्रभर ठेवावे’ एवढंच होतं. मांसात आतपर्यंत जातं ते मीठ. मसाला, आलं-लसूण, दही हे वरच्या थरातच राहतात. म्हणून आधी नुसतं मीठ चोळा, किलोला साधारण 15 ग्रॅम, वर लिंबू आणि आलं-लसूण. अर्ध्या तासानं सुटलेलं पाणी काढून टाका आणि मग दुसरा लेप द्या. त्या लेपात दही नको, चक्का हवा. पातळ दही निखाऱ्यावर ठिबकतं, धूर होतो आणि मसाला मांसावर टिकत नाही. चक्क्यात चमचाभर बेसन मोहरीच्या तेलात भाजून घातलं की लेप घट्ट धरतो. मग ते मिरचीचं वाटण, धणे, जिरं, मिरी, लवंग, थोडी जायपत्री, काळं मीठ, हातावर चुरडलेली कसुरी मेथी. चिकनला चार-सहा तास पुरतात, तेही फ्रीजमध्ये. सकाळी लावून संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नये.

मटणाला कच्ची पपई लावतात. तिच्यातलं पपेन मांसाचे धागे तोडतं, तेव्हा किलोला चमचा-दीड चमचा वाटण आणि दोन-तीन तास बस. रात्रभर ठेवलं तर मटण वरून पिठूळ होतं आणि सळईवर राहत नाही.

लाल रंगावाचून अडतं असंही नाही. माझी नणंद मडगावला असते. तिच्याकडचं काफ्रियाल, म्हणजे हिरव्या वाटणात मुरवलेली कोंबडी, कोथिंबीर, हिरवी मिरची, मिरी, आलं-लसूण आणि व्हिनेगरचं. हे मोझांबिककडून पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलं असं सांगतात. ते हिरवंगार असतं आणि निखाऱ्यावर सुरेख भाजतं. तिकडचाच रेशाद मसाला व्हिनेगरमध्ये वाटतात, बांगड्याला चीर देऊन भरतात, आणि त्याचा लाल रंग सगळा मिरचीचा. आंबटपणामुळे तो फ्रीजमध्ये बरेच दिवस टिकतो. म्हणजे विकतच्या तयार मसाल्याच्या पाकिटाची सोयही घरात झाली. रायगडात थंडीत मडक्यात पोपटी लावतात. वालाच्या शेंगांबरोबर भांबुर्ड्याच्या पाल्यात मसाला लावलेली कोंबडी भाजतात. तिथं ओवा आणि पाल्याचा वासच पुरतो, रंगाचं नावही कुणी काढत नाही.

कोरडा मसाला चोळणाऱ्यांसाठी एक सांगते. धणे, मिरी आणि ओवा जाडसर भरडा, पूड करू नका. भरड मांसाला धरते आणि लगेच जळत नाही. गूळ किंवा साखर त्यात नको. गोडसर आवडत असेल तर चिंच-गुळाची दाट चटणी करून अगदी शेवटच्या दोन मिनिटांत लावावी, आधी लावली तर करपून कडू होते. आणि कच्चं मांस ज्यात मुरलं तो उरलेला मसाला भाजलेल्या मांसावर ब्रशनं लावायचा नाही, ही सूचना पाककृतीत ठळक यायला हवी. वरून लावायला तेल-लिंबाची वाटी वेगळी ठेवावी. निखाऱ्यांवर पांढरी राख येईपर्यंत मांस ठेवू नये. ज्वाळेवर फक्त काजळी बसते.

31 डिसेंबरच्या आधी आपण पुन्हा असं पान काढालच. त्या वेळी रंगाच्या ओळीच्या जागी ‘ब्याडगी मिरची 10-12, बिया काढून, भिजवून, वाटून, तेलात परतून’ असं छापा. जागा थोडी जास्त जाईल, पण द्या. छायाचित्रही रंग न घातलेल्या मांसाचं घ्या, विटकरी लाल, कडांना काळपट, मधे मधे कसुरी मेथीचे ठिपके दिसणारं. पोरं तो फोटो घेऊन माझ्याकडे येतील, तेव्हा मला त्यांना सांगता येईल की हो, हा रंग येतो, मिरची घेऊन या.

आपली,
एक नियमित वाचक
कोल्हापूर