तुझं नाव मी लिहिलं नाही

वेल्हे,
७ मार्च २०११

प्रिय दत्ता,

गणपतीत तू निघालास तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभं राहून म्हणालो होतो, आठ दिवसांत पत्र टाकतो. त्याला सहा महिने झाले. फोन होतो मधूनअधून, पण रेंजसाठी टेकाडावर चढायचं, वाऱ्यात ओरडून बोलायचं, आणि अर्ध्यात कट. जे सांगायचंय ते तसं ओरडून सांगता येत नाही, म्हणून आज शाळा सुटल्यावर वर्गातच बसून लिहितोय.

तब्येत ठीक आहे. बीपीची गोळी चालू. आईचे गुडघे आहेत तसेच.

तर मुद्दा. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. तीन आठवडे झाले. पाणवठ्यावरून येताना समोरासमोर आलो तर पदर सावरते आणि बांधावरून खाली उतरते. लहानपणी तुझ्याइतकंच मला जिने जेवू घातलं, तिनं असं बांधावरून उतरावं, हे मला सोसत नाही. आणि दत्ता, भांडण तुझ्यावरूनच झालंय.

जनगणनेला मला नेमलं होतं. आपली वाडी, वरची, पलीकडची आणि धनगरवाडा असा गट. ९ ते २८ फेब्रुवारी. घराघरात जायचं, माणूस माणूस लिहायचा, प्रत्येकाला २९ प्रश्न. तुमच्या पडवीत गेलो तो दुसरा का तिसरा दिवस. तुझ्या आईनं घोंगडी टाकली, ताक दिलं. मी फॉर्म उघडला आणि विचारलं, मावशी, घरात कोण कोण?

"मी, दत्ता, सूनबाई, दोन पोरं."

म्हटलं, मावशी, दत्ता तर मुंबईला.

"मुंबईला कामाला हाय. ऱ्हायला न्हाई. घर हितं हाय, देव हितं हायती, सातबाऱ्याला नाव हाय त्येचं. लिही तू."

मी समजावलं. म्हटलं, माणूस एकदाच मोजायचा, जिथं राहतो तिथं. कोपरखैरण्याला असाच एक मास्तर त्याच्या दाराशी जाईल आणि त्याला लिहून घेईल. तो सुटायचा नाही. तर म्हणाली, "थितं कोण वळखतंय त्येला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रकाना भरला. घरातली माणसं, एक. तिला अक्षर कळत नाही, पण मी एकदाच पेन टेकवलं हे तिला बरोबर दिसलं. "म्हंजी माझ्या लेकाला तू कागदावर मारलास की रं," एवढंच म्हणाली आणि ताकाचं भांडं उचलून आत गेली.

कायद्यानं कुणाच्या फॉर्मातलं बाहेर बोलायचं नसतं, मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाच्या घरातलं एक अक्षर मी लिहिणार नाही. हे तुझं आहे म्हणून तुला सांगतोय.

रात्री झोप लागेना. नियमानं मी चुकलो नाही, हे शंभर वेळा तपासलं. त्या वीस दिवसांत तू इथं नव्हतास, राहतोस तू तिकडे, मग तुझं नाव इथं येतच नाही. पण मनात एकच चाललं होतं: गेल्या मेमध्ये घरयादीला फिरलो तेव्हा तुमच्या चौकटीवर गेरूनं नंबर टाकला तो मीच. तेव्हा तू पडवीत पाय पसरून फणस खात होतास, आणि मला म्हणालास, नंबर जरा नीट काढ, शाळेत तुझं अक्षर असंच होतं. आठवतं? तेव्हा वाडीत पोरांचा नुसता गलका होता. अंगणात झोपायला जागा नव्हती. त्याच दारांवरून मी फेब्रुवारीत फिरलो. कुणी मेमध्ये माणसं मोजली असती तर तालुका वेगळाच दिसला असता. मोजतात फेब्रुवारीत.

कुलपं किती लागली तो आकडा लिहीत नाही. पण कुलपं कसली कसली होती ते सांगतो. एक गोदरेजचं, नवंकोरं. एकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, पावसानं गंजू नये म्हणून, म्हणजे तो माणूस यायचाय. एका दाराला कुलूपच नाही, नुसती तार पिळलेली. आणि तुझ्या चुलत्याच्या घराला कुलूप आहे, पण मागची भिंत बसलीये. पुढून बंद आणि मागून शेरडं आत जातात.

२८ च्या रात्री बेघरांची मोजणी होती, जवळजवळ सगळ्या देशात एकाच रात्री. मी आणि पर्यवेक्षक बॅटरी घेऊन निघालो. देऊळ बघितलं, एसटीची शेड बघितली, बंद पडलेल्या गिरणीमागं बघितलं. बेघर माणूस एकही नाही. परत येताना मात्र सबंध आळीत दिवा दिसला तो फक्त तुमचा.

(आदल्या दिवशीची इंग्लंडची मॅच बघितलीस ना? सचिन १२०. तू कितीतरी वर्षांपासून म्हणतोस की तो शंभर करतो तेव्हा आपण हरतो, आणि मी म्हणतो तू काविळीनं बघतोस. झाली टाय, दोन्हीकडे ३३८. तेव्हा हे भांडणही टाय समज, आता वाढवू नकोस. काल युवराजनं मात्र काम केलं, पन्नास आणि पाच विकेटी.)

तू म्हणशील, एक नाव इकडचं तिकडे झालं तर एवढं काय. दत्ता, आपल्याकडे एकेक नावानं फरक पडतो. शेजारी हवेली तालुका बघ, पुण्याला चिकटलेला, तिथं नुसत्या एका सोसायटीत आपल्या चार गावांइतकी माणसं. आपला सबंध तालुका मागच्या मोजणीला पंचावन्न हजारांच्या आसपास. सव्वाशेवर गावं आणि त्यात शहर एकही नाही, वेल्हं धरून. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत भोर, वेल्हे, मुळशी अशा तीन डोंगरी तालुक्यांना मिळून एक आमदार. मोशी नदीपासून नीरेच्या खोऱ्यापर्यंत एका माणसानं फिरायचं! डोंगर कुणी मोजत नाही, डोकी मोजतात. एसटीच्या फेऱ्या, दवाखान्यातला डॉक्टर, शाळेतला दुसरा शिक्षक, सगळं डोक्यांवर. माझ्या शाळेचा पट अकरा आहे. आपण चौथीत होतो तेव्हा आपल्या एका वर्गात सतरा होतो आणि तू खिडकीत बसायचास, बाकावर जागा नाही म्हणून.

त्या खिडकीचे गज अजून वाकलेलेच आहेत. कुणी वाकवले ते मी अजूनही सांगितलेलं नाही.

माणसं जाणं आपल्याला नवं नाही, हेही मला कळतं. माझं आजोळ तर तू बघितलंच नाहीस, मीही नाही. ते आंबी नदीवरच्या पानशेत धरणाच्या पाण्याखाली आहे. पुण्यात कुणापुढे पानशेत म्हण, त्याला १२ जुलै १९६१ आठवतो, धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, लकडी पुलावरून पाणी गेलं. खरंच आहे, त्यांचं घरदार वाहिलं. पण आईला विचार. ती म्हणते, पूर यायच्या आधी आम्ही उठलो होतो. तिच्या बापानं देव टोपलीत घातले आणि गाव पूर्वेकडे सपाटीला गेला, जिथं भाताचं खाचर नाही आणि नाचणी उगवत नाही. धरण फुटलं तेव्हा तिला वाटलं होतं, आता पाणी गेलं, आता घरी जाता येईल. चौदा-पंधरा वर्षांची होती. धरण पुन्हा बांधलं. मग मोशीवर वरसगावचं धरण. आता गुंजवणीचं किती वर्षं चाललंय ते तू बघतोसच. पाणी सगळं खाली जातं आणि मागून माणसं.

मुलांना परवा चौथीचा इतिहास शिकवत होतो. तोरणा खिडकीतून दिसतोय, त्यामुळे वेगळं चित्र दाखवावं लागत नाही. तोरणा घेतला, तिथं धन सापडलं, त्यातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, पंचवीसेक वर्षं राजधानी तिथं. एवढं सांगून झालं तर पलीकडच्या वाडीतली एक पोर उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मग तेव्हा इथं लई माणसं असतील?" मी म्हटलं, असणारच. राजधानीला धान्य लागतं, गवत लागतं, निरोप न्यायला माणूस लागतो. घरी येऊन मी बराच वेळ त्याच विचारात होतो. १६७० चा फेब्रुवारी बघ. ४ तारखेला तानाजी सिंहगडावर पडला, आणि त्याच महिन्यात २४ ला राजगडावर राजाराम महाराज जन्मले. एकाच महिन्यात या खोऱ्यानं एवढं मोठं सुतकही पाहिलं आणि सोहेरही. तेव्हा कुणी घरोघर जाऊन लिहून घेतलं असतं तर काय लिहिलं असतं? मावळे तर सगळे घराबाहेरच. त्यांच्या आयांनीही म्हटलंच असतं, कामाला गेलाय, राहतो इथंच.

आणि तानाजीचा विषय निघालाच आहे तर ऐक. मढे घाटाचं मी अजूनही तेच म्हणतो. शव त्या वाटेनं त्याच्या गावी, उमरठ्याला नेलं हे केळदची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, तेवढं मला पुरे. तू सातवीत कागद दाखव म्हणून अडून बसलास आणि त्यावरून मला गुरुजींचा मार खावा लागला. कागद नसला म्हणजे गोष्ट घडलीच नाही, असं नसतं रे. हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. तुझी आई तरी मला दुसरं काय सांगत होती?

राजगडावर शनिवार-रविवारी पुण्याची पोरं येतात, गुंजवण्यापासून रांग लागते. चांगली पोरं आहेत, भाकरी-पिठलं मागतात, पैसे देतात. तुझ्या मेहुण्यानं खाली दोन खोल्या काढल्यात. पण कोरडवाहू वरईचं रान कुणी करत नाही आता, उतारावर कारवी माजलीये. राबाचे दिवस आलेत, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची. तुझी आई परवा एकटी पालापाचोळा, शेणी डोक्यावरून वाहून खाचरात पसरत होती. मी बांधावरून हाक मारली, मावशी, मी येतो हाताला. मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी न विचारताच दोन भारे टाकून आलो. ते तिनं पसरलेत, एवढं बघितलं.

आता एक विचारायचंय, आणि खरं सांग. तुझ्याकडे तो मास्तर आला होता ना फॉर्म घेऊन? त्यात जन्मठिकाण विचारतात, गाव आणि जिल्हा. आधी कुठं राहत होता ते विचारतात, आणि आलात कशासाठी तेही. कामधंदा, व्यापार, शिक्षण, लग्न, अशी कारणं दिलेली असतात. तू काय सांगितलंस? गावाचं नाव सांगितलंस का, का नुसतं पुणे म्हणालास? रागानं विचारत नाही. घाईत माणूस पुणे म्हणतोच, पुढचा विचारतो पुण्यात कुठं, मग कोथरूड-कात्रज असं काहीतरी त्याच्या डोक्यात येतं आणि आपण सोडून देतो. पण तू जर आपल्या वाडीचं नाव घेतलं असशील, तर तुझं नाव आणि गावाचं नाव एका कागदावर आलेलं आहे. कोपरखैरण्याच्या कागदावर का होईना. हे मला तुझ्या आईला सांगायचंय. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही, पण तू सांगितलंस तर ऐकेल.

तुझं कसं चाललंय? मार्केटमधली बदली झाली का? वहिनींचं क्लासचं जमलं असेल. धाकट्याच्या दाताचं फोनवर सांगत होतास, तेवढ्यात कट झाला. थोरला आता दहावीत जाणार ना, भूमितीला घाबरू नको म्हणावं, माझ्याकडे पाठव मेमध्ये महिनाभर.

आणि शिमग्याला ये. होळी १९ ला आहे, शनिवार आहे, रजा मागावी लागणार नाही. यंदा होळीचं लाकूड तोडायला तरणी माणसं चारच आहेत, त्यातला एक मी, आणि मी त्रेचाळीस वर्षांचा. तू आलास की पाच.

तुझा,
मास्तर

ता. क. घरावर कौलं परतायची आहेत, दक्षिणेकडची दोन वळी तरी. तुझी आई तुला फोनवर सांगणार नाही. माळ्यावर मागच्या वर्षीची जुनी कौलं आहेत, ती पुरतील. नवी आणू नकोस.