डेटोनाहून आल्यावर

शार्लट, 20 फेब्रुवारी 2020

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. भेटलास की शिव्या घाल. इकडं सगळे बरे, माझं बीपी गोळीवर.

सोमवारी पोराला घेऊन डेटोना 500 बघायला गेलो होतो, ती फ्लोरिडातली मोटारींची मोठी शर्यत. शर्यत रविवारची, पण 20 फेऱ्यांनंतर पावसानं थांबवली. मर्दा, वळणावरचा रस्ता 31 अंशांत उभा, चालत चढायचं तर हात टेकावेत! गाड्या एकमेकींना चिकटलेल्या. मागची पुढचीला मुद्दाम ढकलते, कारण जोडीनं पळालं की वारा कमी अडवतो आणि दोघीही सुटतात.

शेवटच्या फेरीत रायन न्यूमन पुढं, मागं रायन ब्लेनी. दोघंही फोर्डवाले. न्यूमननं वाट अडवली, तेव्हा ब्लेनीनं ठरवलं, आता यालाच ढकलून जिंकवायचं. तो धक्का जरा कोपऱ्यावर बसला. न्यूमनची गाडी भिंतीवर आदळली, उलटली, आणि मागून आलेली गाडी थेट ड्रायव्हरच्या बाजूला घुसली. ठिणग्या उडवत, छतावर घसरत ती रेषेपलीकडं गेली. तिसराच एक ड्रायव्हर, हॅमलिन, 0.014 सेकंदानं जिंकला म्हणे. आमचं लक्षच नव्हतं. गाडीभोवती काळे पडदे धरले होते. 2001 साली डेल अर्नहार्ट, एवढा नावाजलेला ड्रायव्हर, गेला तोही इथंच, शेवटच्याच फेरीत.

पोरानं विचारलं, "बाबा, मागच्यानं मुद्दाम पाडलं?"

मी म्हटलं, "नाही रे, तो मदत करत होता." आणि पुढं बोलताच येईना.

मला विश्रामबागचा रस्ता दिसत होता, बाळ्या. तुझी गाडी बंद, माझा डावा पाय तुझ्या मागच्या फूटरेस्टवर. (पेट्रोल तू भरायचं होतंस, हे मी मरेपर्यंत सांगणार.) तू म्हणतोस "हळू" असं ओरडलास, मी म्हणतो "अजून" असं ऐकलं. बावीस वर्षं आपण यावर भांडतोय. पण जोर मी दिला होता. फूटरेस्टवरून बूट निसटला तो क्षण अजून तळपायाला कळतो. काकूंना तू सांगितलंस, खडीवरून घसरलो. त्यांनी तुझ्या प्लॅस्टरवर हात ठेवून मलाच विचारलं, "तू जेवलास का?" आणि मी जेवलो, लेका. दोन वेळा भात घेतला.

दोन तासांनी कळलं, न्यूमनच्या जिवाला धोका नाही. बाहेर पार्किंगमध्ये लोक गाड्यांना टेकून उभेच होते. छत दबू नये म्हणून समोरच्या काचेच्या वरच्या अंगाला एक जादा नळी असते, ती न्यूमननंच मागे लागून बसवायला लावलेली, नावही त्याचंच पडलंय. स्वतः पर्ड्यू विद्यापीठाचा इंजिनिअर. काल दोन्ही मुलींचे हात धरून तो दवाखान्यातून चालत बाहेर आला. तो फोटो बघून मी रडलो. ब्लेनीही सुटला असेल रे.

मे महिन्यात येतोय. तेव्हा काकूंना मी सांगू का? त्यांना त्रास होणार असेल तर नाही सांगत. तुझ्या पायातल्या रॉडवर तुझाच हक्क, म्हणून आधी तुला विचारतोय. फोनवर नको, लिहून कळव.

तनूची बारावी परवा सुरू झाली ना? वहिनींची बदली रद्द झाली का? दुकानाचं नवीन शटर बसलं असेल.

पायाला थंडीत तेल लावतोस ना?

तुझाच,
पम्या