फेज नेमकी येते कुठून?

संपादक साहेब, रविवारच्या पुरवणीतला क्वांटमचा लेख वाचला, सगळा भर एंटँगलमेंटवर (दूरच्या कणांमधलं क्वांटम नातं) आणि आहरोनोव-बोम इफेक्टचं नावसुद्धा नाही, हे काही पटलं नाही बुवा. आहरोनोव आणि बोम या भौतिकशास्त्रज्ञांचा 1959 चा पेपर, इलेक्ट्रॉन लाटेसारखा तारेच्या कॉइलच्या दोन्ही बाजूंनी जातो, मॅग्नेटिक फील्ड आतच कोंडलेलं, बाहेर जवळपास झिरो, तरी दोन्ही बाजूंच्या लाटा मिळून पडद्यावर उमटणारे पट्टे सरकतात, म्हणजे लाटांच्या फेजमध्ये (चढ-उताराच्या ताळमेळात) फरक पडतो! फील्ड बाहेर गळत असणार अशी शंका लोक काढत होतेच, म्हणून 1986 मध्ये जपानच्या तोनोमुरांनी रिंगच्या आकाराच्या छोट्याशा चुंबकावर फील्ड अडवणाऱ्या सुपरकंडक्टरचं कव्हर चढवलं, तरीही फेजमध्ये फरक आलाच. मग लोकॅलिटी (म्हणजे परिणाम लांबून नाही, जागच्या जागीच होतो हे तत्त्व) गेली का? भौतिकशास्त्रज्ञ वैडमन 2012 मध्ये म्हणाले नाही, इलेक्ट्रॉनचं फील्ड कॉइलपर्यंत पोचतं आणि फेज तिथे तयार होते, फक्त कॉइललाही क्वांटम धरा. मला हेच जास्त पटतं, पण वाद मिटलेला नाहीये. यावर सविस्तर छापा की.

– एक नियमित वाचक